वांग्यावरची झिलई

राळ घातलेलं जवसाचं तेल मंद आचेवर कढू लागलं की आधी धुपासारखा वास येतो. मग तो जड होतो, मधासारखा दाट होतो, लुगड्यात, केसांत, वाकळेच्या टाक्याटाक्यांत शिरतो आणि दिवसचे दिवस तिथून हलत नाही. माझ्या आयुष्यातला एक संपूर्ण हिवाळा त्या वासात बुडालेला आहे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, अमरावतीच्या सरकी काढणाऱ्या जिनांतून दिवसभर घरघर ऐकू येई, आणि वाऱ्यावर कापसाचे तंतू असे तरंगत असत की सकाळच्या तिरप्या उन्हात हवेलाच लव फुटल्याचा भास व्हावा.

माझं माहेर अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या वाटेवर. आम्ही माळी. त्या वाटेवर पुढच्या गावांत विहिरींना खारं पाणी लागतं. पण आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी गोड होतं, आणि त्या गोडव्याचा वडिलांना, म्हणजे आबांना, असा अभिमान होता की जणू ते पाणी त्यांनीच गाळून विहिरीत भरलं असावं. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मुळा, मिरच्या सगळं पिके. पण आबांचा जीव वांग्यांत. पहाटे ते स्वतः वांगी तोडत, माय ती टोपलीत रचून अमरावतीच्या बाजारात नेई, आणि ठरलेल्या बायका टोपली उतरण्याआधीच तिच्याभोवती जमत. आबा उंच, रुंद खांद्यांचे, बोलायला तुटक. त्यांना बसलेलं मी लहानपणी फक्त जेवताना पाहिलं.

त्या वर्षी आश्विनात, मोटेच्या धावेवर बैल मागे हटवताना ते कोसळले. नाडा, म्हणजे मोटेचा दोर, त्यांच्या हातातून सुटला, मोट धडधडत विहिरीत गेली, आणि बैल मात्र जागच्या जागी उभे राहिले, म्हणून ते पायांखाली आले नाहीत. उचलून घरी आणलं तेव्हा उजवं अंग पूर्ण लुळं पडलेलं होतं आणि ओठाची एक कड खाली ओढली गेली होती.

मी अकोल्याला नांदत होते. निरोप आला तेव्हा मी जात्यावर होते, सासूबाईंनी माझ्या हातातून खुंटा काढून घेतला आणि म्हणाल्या, "जाय बाई, बापापाशी राय. घर काई पयून नाई चाललं." त्यांचं ते बोलणं मला जन्मभर पुरलं आहे.

मी पोचले तेव्हा आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझी चाहूल लागूनही वळले नाहीत. अमरावतीच्या वैद्यांनी तेल चोळायला दिलं होतं, काढे दिले होते. पण त्यांचा औषधावर राग नव्हता, त्यांचा राग त्या हातावर होता. डाव्या हातानं ते उजवा हात उचलत आणि दुसऱ्याची वस्तू आपल्या अंथरुणावर कुणी टाकून गेल्यासारखा बाजूला सारत. बोलत नव्हते. बोललं की शब्द ओला होऊन घसरे, आणि तो घसरलेला ऐकण्यापेक्षा त्यांनी न बोलणं पत्करलं होतं. बाहेर मळ्यात वांगी जून होऊन पिवळी पडत होती. माय एकटी किती तोडणार, किती विकणार? खोलीत मात्र त्यांचा श्वास तेवढा ऐकू येई.

पुन्हा आले तेव्हा वैद्य म्हणाले, "हात रिकामा ठेवू नका. मातीचा गोळा द्या मुठीत. दाबू दे, मळू दे." मायनं त्याच दुपारी विहिरीच्या काठची गाळाची काळी माती आणली, भिजवली, आणि मूर्ती करणारे करतात तसा तिच्यात कापूस घालून ती कुटून काढली, म्हणजे सुकताना तडकू नये. लोण्यासारखा झालेला गोळा तिनं आबांच्या उजव्या पंज्याखाली ठेवला.

आबांनी डाव्या हातानं तो भिरकावला. भिंतीला चिकटला.

"मी का पोट्टा हाओ?" ते म्हणाले. शब्द वेडेवाकडे होते. पण कितीतरी दिवसांनी आलेले होते. माय चुलीपाशी गेली आणि पदर तोंडात धरून बसली. मी मागोमाग गेले तर ती रडता रडता हसत होती. "रागोला वं," ती मला म्हणाली, "रागोला! आता जगते थो."

दुसऱ्या दिवशी गोळा पुन्हा ठेवला. या वेळी भिरकावला नाही. उजव्या हाताची बोटं आपली आपण मिटत नव्हती. आबा ती डाव्या हातानं मिटवत, उघडत, पुन्हा मिटवत. माती त्या दोन हातांमध्ये लांबट होऊ लागली, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला भरदार. त्यांनी वांगं करायचं ठरवलं होतं असं मला वाटत नाही. ज्यानं जन्मभर एकच आकार तळहातात तोलला, त्याच्या तळहातात माती दुसरा कुठला आकार घेईल?

मी त्याला मातीचं देठ करून लावलं, सावलीत सुकवलं आणि कौतुकानं त्यांच्या उशाशी ठेवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे वांगं नाई. ढेकूय हाये."

"काहून? बरोबर तं झालं," मी म्हणाले.

"वांग्यात... तोंड दिसलं पायजे."

तेवढ्या एका वाक्यानं आमचा हिवाळा ठरला.

आधी आम्ही सुक्या मातीला तेल चोळून पाहिलं. ती क्षणभर काळीभोर, ओलीगच्च चकाकली, आणि बघता बघता तेल पिऊन पूर्वीइतकीच मंद होऊन बसली. मग मायनं शेतात नांगराला लागलेली एक गारगोटी आणून दिली. आमच्या काळ्या जमिनीत असे गुळगुळीत, काचेसारखे दगड अधूनमधून वर येतात. आबांनी ती उजव्या हाताच्या अंगठ्याखाली धरवून घेतली, वरून डाव्या हाताचा दाब दिला, आणि मातीवर घोटायला सुरुवात केली. माती ओली होती तेव्हा गारगोटी तिच्यात रुतली, सालटं निघालं. दुसरं वांगं पुरतं सुकू दिलं; त्यावर नुसते पांढरट ओरखडे उठले. आबांनी गारगोटी खाली ठेवली, डोळे मिटले, आणि मला वाटलं, संपलं. पण ते विचार करत होते. थोड्या वेळानं, डोळे न उघडताच, ते म्हणाले, "वाफसा."

पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही नसते आणि कोरडीही नसते, पाभर नेली तर माती फाळाला चिकटत नाही आणि ढेकळंही निघत नाहीत, त्या अवस्थेला आम्ही वाफसा म्हणतो. तो किती वेळ टिकतो याचा नेम नसतो. आबा आयुष्यभर जमिनीचा वाफसा पाहत आले. आता ते मुठीएवढ्या मातीचा वाफसा पाहू लागले. वांगं ओल्या फडक्याखाली ठेवायचं, आणि ते मधूनमधून गालाला लावून बघायचे. गालाला, कारण उजव्या बोटांना तेव्हा थंड-उष्ण कळत नव्हतं. आणि एका दुपारी त्यांनी मान हलवली: आला.

त्यानंतर जे घडलं ते मी अगदी जवळून पाहिलं. गारगोटी मातीवर एकाच जागी, लहान लहान वळणांत फिरत होती. आधी काहीच नव्हतं. मग मातीचा रंग गडद झाला. मग त्या गडदपणात खोलवर काहीतरी हललं, तळ्याच्या तळाशी मासोळी वळावी तसं. आणि अचानक त्या काळ्या ढेकळात एक लहानसा पांढरा चौकोन उगवला. मी दचकून मागे पाहिलं. आमच्या खोलीची खिडकी होती ती. विहिरीच्या काठचा गाळ, ज्यात बैल पाय रोवून उभे राहत, त्या गाळात आमची खिडकी उमटली होती, तिच्यातलं आभाळ उमटलं होतं, आणि आबांनी वांगं जरासं कलतं केलं तेव्हा ते आभाळही कललं.

मायनं हात जोडले होते. कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पण आबांचं समाधान झालं नव्हतं. झिलई आली होती, ती काळ्या दगडाची होती. वांग्याची जांभळी, सजीव, आतून रसरसलेली नव्हती. मग काजळी, नीळ आणि तांबडी हिरमुजी असे तीन रंग बाभळीच्या डिंकात कालवून लेप दिला गेला, आणि तो वाळल्यावर मूळची झिलई अर्थातच झाकली गेली. तेव्हा माय म्हणाली, रंगाऱ्याला बोलावू. अमरावतीत टांगे आणि दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, रंगवणारे रसूलचाचा तिच्या बाजारातल्या ओळखीचे. ते राळ आणि जवसाच्या तेलाच्या रोगणाचं मडकं घेऊन आले, आबांच्या खाटेपाशी उकिडवे बसले, आणि टांग्याच्या साटीला लावावं तसं मोठ्या प्रेमानं जाडजूड रोगण त्यांनी वांग्यावर फासलं. "अब देखना माळीबाबा," ते म्हणाले, "शादी का टांगा होते का नाई तुमचं वांगं!"

संध्याकाळपर्यंत ते खरोखरच झगमगलं. सकाळी मात्र त्याच्या अंगावर म्हाताऱ्याच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडल्या होत्या, आणि रात्रभर हवेतून उतरलेला कापूस त्या चिकट रोगणात असा अडकला होता की वांग्याला दाढी फुटल्यासारखं दिसत होतं. आबांनी ते पाहिलं आणि त्यांच्या छातीतून एक विचित्र, खरखरीत आवाज आला. मी घाबरून धावले. ते हसत होते. रसूलचाचांना कळलं तेव्हा तेही पोट धरून हसले आणि म्हणाले की दाढीवालं वांगं मशिदीत ठेवायला घेऊन जातो. पण जाताना रोगण कसं कढवायचं ते मला नीट शिकवून गेले, आणि आणखी थोडी राळ ठेवून गेले.

आम्ही मग रोगण पातळ केलं. जिथं धान्य साठवायचो ती मागची खोली रिकामी केली, फटींत चिंध्या कोंबल्या, धूळ आणि तंतू खाली बसावेत म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं. आबांना मी आणि माय दोन्ही बाजूंनी धरून तिथं नेत असू. ते मऊ फडक्याच्या बोळ्यानं, पाठीवरून मायेनं हात फिरवावा तितक्या हलकेपणानं, रोगणाचा नुसता श्वास द्यावा तसा हात वांग्यावर फिरवत. तो थर वाळेपर्यंत थांबायचं, पुन्हा तितकाच पातळ थर, पुन्हा थांबायचं. प्रत्येक थरानंतर वाटे की काहीच झालं नाही. पण थरांवर थर चढत गेले तसा रंग पृष्ठभागावरून आत आत जाऊ लागला, जणू जांभळ्या पाण्यावर काच नव्हे, तर आणखी पाणी साचत होतं. त्या अंधाऱ्या खोलीत, तेलाच्या आणि राळेच्या वासात, मी कितीतरी तास शेजारी नुसती बसले आहे. वाट पाहणं इतकं भरलेलं असू शकतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

याच दिवसांत काका येऊन गेले. ते आबांचे धाकटे भाऊ; धामणगावला असत. मनानं वाईट नव्हते. उलट, त्यांनी डोळ्यांत पाणी आणून मायला समजावलं की दादा आता उभा राहणार नाही, मळा वाळून चालला आहे, तो बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला करायला द्यावा. माणूसही त्यांनी पाहून ठेवला होता. माय आबांकडे पाहत होती. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पहिल्या दिवशी मी पाहिलेली पाठ तीच होती. "होळीनंतर येतो, मंग ठरवू," असं म्हणून काका गेले.

माघात ते वांगं पूर्ण झालं. त्याच्या फुगीर भागावर पाहिलं तर माझा चेहरा दिसे, कुंकवासकट. शेजारची एक बाई ते सहज उचलून, देठापाशी अंगठ्यानं दाबून ताजेपणा पाहू गेली आणि किंचाळलीच. माय कौतुकानं सगळ्यांना दाखवी. एका सकाळी आबा म्हणाले, "मले मळ्यात न्या."

आम्ही त्यांना खाटेसकट नेलं. शेजारच्या मळ्यातल्या गड्यांनी चार बाजूंनी उचललं. दव अजून वाळलेलं नव्हतं. मायनं घागरीनं पाणी घालून जगवलेल्या वांग्याच्या वाफ्यापाशी खाट टेकवली, तेव्हा त्यांनी मातीचं वांगं मायकडून मागून घेतलं आणि एका झाडाच्या फांदीला, तयार झालेल्या खऱ्या वांग्याला लागून, बांधायला लावलं. मग ते कोपरावर टेकून पुढं झुकले.

सूर्य तुरीच्या शेतामागून वर येत होता. त्यानं आधी मातीच्या वांग्याला स्पर्श केला, आणि ते विलक्षण सुंदर दिसलं. मला वाटलं, याहून अधिक काय हवं? मग प्रकाश बोटभर सरकला आणि खऱ्या वांग्यावर आला. तिथं तो चमकला नाही. तिथं तो मुरला. सालीच्या खाली उतरून, आतल्या पांढऱ्या गराला हात लावून, जांभळा होऊन परत आला. त्या एवढ्याशा गोलाईवर लालसर कड होती, निळी सावली होती, देठाच्या टोपीखाली जिथं ऊन कधी पोचलंच नाही तिथं दुधासारखी फिकट रेघ होती. आणि त्याच्या शेजारी तसंच दुसरं होतं. त्याच्यामागे तिसरं. साऱ्या वाफ्यात, पानांआड, कुणी न घोटलेली, कुणी थर न दिलेली, रात्रीत आपोआप झिलई चढलेली वांगी लोंबत होती. आम्ही ती इतकी वर्षं पाटीत भरून विकत आलो होतो.

आबांचे डोळे वाहत होते. ते दुःखाचं रडणं नव्हतं. देवळात पहिल्यांदा गाभाऱ्यापर्यंत पोचलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा त्यांचा चेहरा होता.

"तोडत गेलो," ते मला म्हणाले. शब्द अजूनही घसरत होते, पण ते आता त्यांची फिकीर करत नव्हते. "जनमभर तोडत गेलो, शेवंते. पाह्यलंच नाई."

आणि त्यांनी हात पुढे केला. खऱ्या वांग्यावर दवाचा एक थेंब होता, तो पुसायला. अंगठा सालीवर टेकला आणि लहान लहान वळणांत फिरू लागला. एकदा फिरला, पुन्हा फिरला. मायनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तो उजवा हात होता. डावा हात खाटेच्या कडेच्या लाकडावर नुसता पडलेला होता; त्यानं उजव्याला उचललं नव्हतं, धरलं नव्हतं. आबांच्या ते लक्षात आलेलं नव्हतं. ते वांग्याकडे पाहत होते. आम्ही दोघी हाताकडे पाहत होतो, आणि त्यांना हाक मारायचं धैर्य आमच्यापैकी कुणालाच झालं नाही.

तो हात पुढे पूर्वीसारखा झाला नाही हे सांगायला हवं. पेला धरता येऊ लागला, काठी धरता येऊ लागली. नाडा धरता आला नाही. होळीनंतर काका त्या माणसाला घेऊन आले तेव्हा आबा ओसरीत बसून होते. त्यांनी दोघांना पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "मळा द्याचा नाई."

"दादा, मंग मोट कोन हाकन?" काका कळवळून म्हणाले.

उत्तर उंबऱ्यातून आलं. "मी हाकीन," माय म्हणाली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं, आणि डोक्याची टोपी काढून पुन्हा घातली. तिनं मोट हाकली. पुढची कितीतरी वर्षं हाकली. आबा धावेशेजारी बाभळीखाली बसून बैलांना नावानं हाका मारत, आणि बैल त्या घसरत्या हाका बरोबर ओळखत.

मला न्यायला हे अकोल्याहून आले. निघताना आबांना मी वाकून नमस्कार केला. ते मातीचं वांगं मला द्यावं असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण फांदीवरून सोडून आणल्यावर त्यांनी त्याच्याकडे फारसं पाहिलंच नव्हतं. ते माय तिच्या कोनाड्यात ठेवून होती.

बडनेऱ्याला गाडी बदलून मी बायकांच्या डब्यात खिडकीशी बसले. नुकताच अवकाळी पाऊस होऊन गेला होता, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या शेतांत नांगर चालू होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे कुठंतरी गाडी उगाच थांबली. समोर एक लांबच लांब काळं शेत होतं. फाळानं कापून उलटवलेल्या मातीची प्रत्येक चीप तिरप्या उन्हात चकाकत होती, एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, नजर पोचेल तिथवर, जणू जमिनीनं हजारो डोळे एकदम उघडले होते. हा रस्ता मी अनेकदा पाहिला होता. हे शेत मी पाहिलं नव्हतं.

शेजारी डोक्यावरचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली एक म्हातारी बराच वेळ माझ्याकडे पाहत असावी. "काय पाहून राहिली वं बाई एवढं?" तिनं विचारलं, "कोनी ओयखीचं हाये का बाहीर?"

मी सरकले आणि तिला खिडकीपाशी जागा करून दिली.